ठाण्यात पक्षी बघायला सुरुवात केलीये, पहिल्या दिवशी नुसते आवाजच ऐकले. पुढे कसं करू?

गवाक्ष_ठाणे | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मी ठाण्यात वसंत विहारच्या बाजूला राहते, नोकरी ऐरोलीला. गेल्या उन्हाळ्यात घरून काम चालू होतं तेव्हा दुपारी दोन-अडीचला खिडकीबाहेरून एक आवाज यायचा, टुक टुक टुक टुक, एका लयीत, मिनिटंच्या मिनिटं न थांबता. मला वाटायचं खाली कोणीतरी पाइप ठोकतंय. सासूबाई म्हणाल्या, अगं तो पक्षी आहे. त्या मूळच्या संगमेश्वरकडच्या, बरेच पक्षी नुसत्या आवाजावरून सांगतात, पण हा डोळ्यांनी कधी पाहिला नाही म्हणाल्या. मग मी रोज खिडकीत उभी राहून शोधायचे, समोर गुलमोहर आहे, जांभूळ आहे, मागे पिंपळ, पण तो दिसला नाही तो नाहीच. पाऊस आला आणि आवाज बंद झाला. तेव्हापासून मनात आहे की जन्म ठाण्यातला, आणि कावळा चिमणी कबुतर पोपट घार सोडून एकाचंही नाव आपल्याला येत नाही.

म्हणून आज रविवार गाठून मुद्दाम येऊरला गेले. साडेसहाला घर सोडलं, उजाडता उजाडता वर पोचले. दोन तास चालले. झाडाझाडांतून एवढे आवाज येत होते की मी नुसती मान वर करून गोल फिरत होते, आणि दिसलं काय तर घारी, दोन बुलबुल (हे घरी येऊन फोटोवरून कळलं) आणि तारेवर बसलेला एक काळाकुळकुळीत पक्षी, शेपटीला शेवटी खाच असलेला. बाजूने मोठ्या लेन्सवाला एक ग्रुप गेला, त्यांनी विचारलं काही मिळालं का, मला काय सांगावं कळेना. घरी येताना थोडी खट्टू होते पण खरं सांगते, ती दोन तासांची सकाळ फार छान होती आणि परत जायचंय.

तर विचारायचंय असं की दुर्बीण कुठली घेऊ, आत्ता घेऊ का नंतर, ग्रुपबरोबरच जावं का, एकट्या बाईने कुठे जाणं ठीक आहे, फ्लेमिंगो नक्की कुठून आणि कधी दिसतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळखायला शिकायचं कसं, पुस्तक उघडलं की सगळे सारखेच दिसतात. आणि तो टुक टुकवाला कोण?

---

पिंपळपान | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

छान धागा. मलाही हेच प्रश्न आहेत, घोडबंदर रोडला राहते. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

कोपरखैरणेकर | ८ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचा टुक टुकवाला म्हणजे तांबट, जवळजवळ खात्रीने. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबटासारखा आवाज म्हणून नाव तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने गुबगुबीत, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती आणि गळ्याला पिवळं, चोच जाड आणि तिच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस. पानांच्या रंगाचाच असल्यामुळे पानांत दिसतच नाही. वर आणखी एक अडचण अशी की तो बोलताना चोच मिटलेली ठेवतो, गळा फुगतो आणि मान इकडून तिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज एकदा डावीकडून एकदा उजवीकडून आल्यासारखा वाटतो. तुम्ही चुकीच्या झाडाकडे बघत असाल असं नाही, योग्य झाडाकडे बघूनही माणूस फसतो.

थंडीत तो बराचसा गप्प असतो. ऊन तापायला लागलं की सुरू होतो, साधारण जानेवारीच्या शेवटापासून पुढे. म्हणजे तुमच्याकडे दीड-दोन महिने आहेत. या दोन महिन्यांत काय करायचं ते सांगतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, वीस-एक वर्षं पक्षी बघतोय आणि नव्या माणसाला मी नेहमी हेच सांगत आलोय.

येऊर थोडे दिवस बाजूला ठेवा. जंगलात पक्षी खूप असतात पण पानंही खूप असतात, पहिल्या दिवशी तिथे कानच भरतात, डोळ्यांना काही मिळत नाही, तुमचं झालं तसंच होतं. एकच जागा धरा, तुमची खिडकीच धरा. रोज सकाळी साडेसात ते पावणेआठ, पंधरा मिनिटं, वही घेऊन बसायचं. नाव येत नसेल तरी लिहायचं. आधी आकार, आणि आकार कशाच्या मानाने, चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा का घारीएवढा. मग शेपटी केवढी, चोच कशी, जमिनीवर चालतोय का उड्या मारतोय का तारेवरून झेप घेऊन परत तिथेच येऊन बसतोय. रंग सगळ्यात शेवटी. नवीन माणूस रंगाकडे आधी बघतो आणि तिथेच चुकतो, कारण सकाळच्या तिरप्या उजेडात, उन्हाच्या विरुद्ध बाजूने, अर्धे पक्षी काळेच दिसतात.

आता तुमचा तारेवरचा काळा पक्षी घ्या. साळुंकीपेक्षा थोडा मोठा दिसतो, बारीक, लांब शेपटी, टोकाला खाच, तारेवर बसून. हा कोतवाल. उद्या परत दिसला तर पाच मिनिटं बघत राहा, हवेत झेप घेऊन किडा पकडून परत त्याच तारेवर येईल. आणि जवळून घार किंवा कावळा गेला तर त्याच्या मागे लागून त्याला हाकलेल, अंगाने कितीतरी मोठ्या घारीलासुद्धा. म्हणून कोतवाल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की परत विसरायला होत नाही.

---

सह्यभटक्या | ९ डिसेंबर, सकाळी ८:२०

मास्तर +१. पण येऊर एवढंही बाजूला ठेवू नका हो, गेटच्या अलीकडे पाड्यांजवळ जिथे शेतं आणि मोकळी झाडं आहेत तिथे डिसेंबरात बरंच दिसतं. वड-उंबर फळाला आले असतील तर त्या एका झाडाखाली तासभर नुसतं बसा, हळद्या, हरियल (महाराष्ट्राचा राज्यपक्षी), राखी धनेश, सगळे जेवायला तिथेच येतात. चालत राहू नका, बसा. टीएमटीची बस जाते वर. आत जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे, बिबटे आहेत, एकट्याने आडवाटेला शिरू नका, बाई असो का पुरुष.

---

दुर्बीणवाला | ९ डिसेंबर, दुपारी १:४०

दुर्बिणीबद्दल मी लिहितो.

८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. लोकांना वाटतं १०, १२, २० पट घेतली की जास्त चांगलं. तसं नाहीये. जेवढी पट जास्त तेवढं हाताचं थरथरणंही जास्त दिसतं, आणि दिसणारा तुकडा छोटा होतो, म्हणजे पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा, तो पहाटेच्या अंधुक उजेडात कामाला येतो. रस्त्यावर किंवा ऑनलाइन दीड-दोन हजारात मोठमोठे आकडे छापलेल्या मिळतात त्या घेऊ नका. मी निकॉनची साधी घेतली होती सात हजारांच्या आसपास, अजून चालतेय.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ती आपल्या डोळ्यांना जुळवणं, हे दुकानात कोणी सांगत नाही. समोरच्या दुकानाची पाटी धरा. उजवी काच हाताने झाकून मधल्या चाकाने डावीकडची अक्षरं स्पष्ट करा. मग डावी झाका आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून उजवीकडची स्पष्ट करा. ती कडी तिथेच सोडायची, इथून पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबून टाका, नाहीतर अर्धंच दिसतं.

आणि पक्षी दुर्बिणीतून शोधायचा नसतो. पक्ष्यावर नजर रोखून धरायची, मान न हलवता दुर्बीण उचलून डोळ्यांच्या आड आणायची. घरी बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या अँटेनावर वीस-पंचवीस वेळा करून बघा, दोन दिवसांत जमतं. सूर्याकडे चुकूनही नाही.

---

अ_आ_इ | ९ डिसेंबर, दुपारी ३:१०

मर्लिन अ‍ॅप टाका, फुकट आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. आवाज रेकॉर्ड करतं आणि नाव सांगतं. एवढं सगळं शिकत बसायची गरजच नाही.

---

कोपरखैरणेकर | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

अ‍ॅप माझ्याही फोनवर आहे, उपयोगी आहे, वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या महिन्यात क्रम उलटा ठेवा. आधी ऐका, बघा, वहीत आपला अंदाज लिहा, मग अ‍ॅपला विचारा. अ‍ॅपने आधी नाव सांगितलं की माणूस बघायचं थांबवतो, नाव मिळालं आता पुढे चला असं होतं. शिवाय आपल्याकडे रिक्षा, हॉर्न, शेजारची कुकरची शिट्टी यात त्याचीही चूक होते, मला एकदा कोपरखैरणेच्या बाल्कनीत त्याने असा पक्षी सांगितला जो इथे येणं शक्यच नाही. त्याने सांगितलेलं नाव हा अंदाज धरायचा, डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत टाकायचं नाही.

---

अ_आ_इ | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

मला नाही पटलं मास्तर. माझे डोळे अधू आहेत, लांबचं नीट दिसत नाही, माझ्यासाठी पक्षी म्हणजे आवाजच. अ‍ॅपमुळे मला दयाळ आणि बुलबुल वेगळे ऐकू यायला लागले. नाहीतर मी या छंदाच्या जवळही आलो नसतो.

---

कोपरखैरणेकर | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

हे तुमचं अगदी बरोबर आहे आणि मी तो विचार केला नव्हता. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत नाही" हे वाक्य मागे घेतो. ओळखीचा आवाज हीसुद्धा नोंदच आहे.

---

दिवागाव_खाडी | १० डिसेंबर, रात्री ९:३०

फ्लेमिंगोचं विचारलंय ना ताईंनी, ते मी सांगतो, आमचं घर ऐरोलीच्या दिवागावात, वडील-आजोबा सगळे खाडीवर मासेमारी करणारे. आम्ही त्यांना लहानपणापासून बघतोय, पुस्तकात त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात.

लोक गाडी काढून सकाळी सातला येतात आणि म्हणतात एकपण नाही. कारण घड्याळ बघून येतात, पाणी बघून येत नाहीत. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चिखलावर पसरतात, चोच उलटी धरून पाणी गाळून शेवाळ आणि बारीक जीव खातात. भरतीला तो चिखल बुडाला की उठतात आणि आतल्या पाणथळींवर जाऊन बसतात, सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या (इमारतींच्या) मागे, टी. एस. चाणक्य संस्थेच्या बाजूला, तिकडे. म्हणजे बोटीतून खाडीत बघायचे असतील तर ओहोटीचा हिशोब, काठावर उभं राहून जवळून बघायचे असतील तर बरोबर उलट, भरतीचा.

आता पाणी कधी कुठे ते बघायला मोबाइलवर तक्ते मिळतात पण आमच्याकडची रीत सोपी आहे. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनला. पुनवेला-अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना (पंधरवड्यांना) तोच हिशोब, दिवसाला आणि रात्रीलापण. हे बाहेरच्या समुद्राचं, खाडीत आत येईपर्यंत थोडा उशीर होतो तो धरायचा. पुनवेच्या-अवसेच्या आसपास उधाणाचं पाणी, खूप चढतं खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं, तेव्हा फारसं हलत नाही.

ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोट निघते, तिची वेळपण भरतीवरच ठरते, आधी चौकशी करून मगच निघा. गर्दी जानेवारी ते मार्च-एप्रिल, आत्ता डिसेंबरात नुकते यायला लागतात, पाऊस जवळ आला की जातात, कच्छकडे वगैरे. आमच्या खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. घरच्यांनी मासे कमी होताना पाहिलेत, पाणी काळं होताना पाहिलंय, त्यामुळे कोणीतरी बाहेरचं माणूस येऊन या खाडीकडे प्रेमाने बघतंय हे आम्हाला बरं वाटतं. या नक्की.

---

गवाक्ष_ठाणे | १० डिसेंबर, रात्री १०:२०

दादा, हे तिथीचं वाचून मी लगेच सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या आमच्याकडे पण हेच, माझे बाबा असंच मोजायचे. त्यांनी स्वतः कॅलेंडर काढून हिशोब केला, २६ जानेवारी रविवार आहे, वद्य द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, सुट्टी पण. ठरलं आमचं, आम्ही दोघी सीवूड्सला येणार.

आणि सगळ्यांचे खूप आभार. उद्यापासून खिडकी चालू करते.

---

नेरूळची_आई | ११ डिसेंबर, सकाळी ११:००

एकट्या बाईने जाण्याबद्दल. मी नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती जाते, सकाळी चालणारे लोक भरपूर असतात, अजिबात भीती वाटत नाही. बगळे, पाणकावळे, खंड्या, शेकाट्या (लांब लालगुलाबी पायांचा काळा-पांढरा, एकदा दिसला की चुकत नाही) आरामात दिसतात, आणि पाण्यावरचे पक्षी झाडांवरच्यापेक्षा नवशिक्याला सोपे, मोठे असतात आणि जागेवर थांबतात. ठाण्यात उपवन, मासुंदा हे तलाव तसेच. खाडीकाठच्या आतल्या पायवाटा, खारफुटीकडेचे बंधारे इथे मात्र मी एकटी जात नाही, कोणाला तरी घेऊनच.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याची वही फक्त खंड्याची आहे. कुठे बसला होता, कितीदा सूर मारला, कितीदा मासा मिळाला. बाकी पक्षी तो बघतच नाही आणि मी त्याला बघायला लावत नाही.

---

लेन्सधारी | १४ डिसेंबर, दुपारी १२:१५

येऊरला त्या दिवशी "काही मिळालं का" विचारणारे आम्हीच असू बहुतेक. ताई, पुढच्या वेळी आमच्यात या. एक टीप, छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवा, पक्ष्याचा आवाज वाजवला की तो आपोआप समोर येतो, नवीन लोकांना पटकन दिसतो.

---

सह्यभटक्या | १४ डिसेंबर, दुपारी १२:४०

हे कृपया करू नका आणि नवीन माणसाला तर शिकवूच नका. तो समोर येतो कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. खाणं सोडून, पिल्लं सोडून तो भांडायला येतो, उघड्यावर बसतो, वरून शिक्रा (शिकारी पक्षी) बघत असतो. तुम्ही फोटो काढून निघून जाता, मागून दुसरा ग्रुप येतो, परत तेच. एका सकाळी एका पक्ष्याला चार वेळा असं केलेलं मी पाहिलंय. तसंच घरट्याचे फोटो, आणि घुबड कुठे बसतं त्याचं लोकेशन टाकणं.

---

लेन्सधारी | १४ डिसेंबर, रात्री ८:५५

मी सहा वर्षं हे करतोय आणि कोणी मला कधी असं समजावून सांगितलं नव्हतं, सगळेच करतात म्हणून मीही केलं. विचार केला दुपारभर. स्पीकर आता नेणार नाही, ग्रुपमध्ये पण बोलतो. ताई, आमंत्रण कायम आहे, आता नुसतं बसून बघू.

---

दिवागाव_खाडी | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

विषय निघालाच आहे तर माझंपण एक. थंडीत खाडीत कुरव येतात, पांढरे, लोक त्यांना सीगल म्हणतात, त्यांना बोटीतून, काठावरून शेव-गाठ्या टाकतात आणि फोटो काढतात. ते पक्षी मध्य आशियातल्या तळ्यांवरून उडत येतात, मासे-किडे खाणारे. तळलेलं खारट बेसन त्यांचं खाणं नाही. हात जोडून सांगतो, टाकू नका.

---

गवाक्ष_ठाणे | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

महिनाभर खिडकी चालवली, चार-पाच दिवस चुकले, बाकी रोज. हिशोब देते.

पहिल्या दिवशी वहीत तीन ओळी होत्या. कावळा, कबुतर, "छोटासा, चिमणीपेक्षा लहान, हिरवट, शेपूट वर, सारखा हलतो". तिसऱ्या दिवशी कळलं तो शिंपी, पानं शिवून घरटं करणारा. एवढ्याशा जिवाचा केवढा मोठा आवाज, मी इतकी वर्षं तो कुठल्यातरी मोठ्या पक्ष्याचा समजत होते. मग दयाळ, काळा-पांढरा, रोज त्याच पाण्याच्या टाकीवर. शिपाई बुलबुल, डोक्यावर काळा तुरा आणि गालावर लाल ठिपका. लालबुड्या बुलबुल. वेडे राघू तारेवर ओळीने. जांभळा शिंजीर, आणि आधी मी ज्याला वेगळाच पिवळसर पक्षी म्हणून लिहीत होते ती त्याची मादी निघाली. कोकिळेचंही तसंच, ठिपक्याठिपक्यांची आहे ती मादी आणि गाणारा काळा तो नर, हे मला या वयात समजलं. भारद्वाज एकदाच, जांभळाखाली चालत होता, सासूबाईंनी आधी हात जोडले आणि मग मला हाक मारली. त्या त्याला कुंभार कावळा म्हणतात. एकूण एकोणीस झाले, सगळे या एका खिडकीतून!

दुर्बीण दुसऱ्या आठवड्यात घेतली, ८×४२. कोतवाल घारीच्या मागे लागलेला दोनदा पाहिला.

तांबट अजून गप्प.

---

कोपरखैरणेकर | १२ जानेवारी, दुपारी ४:००

ताई, मन भरून आलं वाचून. एकोणीस म्हणजे फार झाले. तांबटासाठी आता पानांत शोधू नका, झाडाच्या शेंड्याला वठलेली, पानं नसलेली फांदी कुठली आहे ती हेरून ठेवा. सकाळी ऊन खायला तिथे येऊन बसतो.

---

गवाक्ष_ठाणे | २६ जानेवारी, दुपारी २:३०

आत्ताच घरी आलो. सोसायटीतलं झेंडावंदन आठच्या आत आटोपलं आणि थेट सीवूड्स. पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते, पाणी चढलेलं. सुरुवातीला लांबवर पाण्यात एक फिकट पट्टा दिसला, मला वाटलं फेस आहे. दुर्बीण लावली आणि तो पट्टा हलायला लागला. दोनशे तरी असतील. सासूबाईंना दुर्बीण दिली, त्यांचे हात थरथरतात म्हणून मी मागून त्यांचे कोपर धरले, त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

बहुतेक लहान जातीचे होते, चोच गडद लाल-काळसर. मध्ये पाच-सहा उंच, मान लांब, अंग पांढरट, चोच गुलाबी आणि टोकालाच काळी, म्हणजे मोठे रोहित. राखाडी मळकट रंगाचेही काही होते, तिथे दुर्बीण लावून उभ्या असलेल्या एका काकांनी सांगितलं ती या दोन-तीन वर्षांतली पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. दहाच्या पुढे पाणी उतरायला लागलं तसे थवे उठून खाडीकडे जायला लागले, उडताना पंखाखालचा लाल-काळा रंग उघडला तेव्हा अग्निपंख का म्हणतात ते समजलं.

दिवागावचे दादा, तुमच्या पाऊणपटीने आमची सकाळ साधली. सासूबाईंनी निरोप दिलाय, पुढच्या वेळी बोटीतून बघायला तुमच्या ऐरोलीला येतो.

---

दिवागाव_खाडी | २६ जानेवारी, संध्याकाळी ५:१०

या काकूंना घेऊन, घरी चहाला यायचंच. फेब्रुवारीत भरपूर असतील.

---

गवाक्ष_ठाणे | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

दिसला!!

दर फेब्रुवारीत तो जागतिक पक्षीमोजणीचा चार दिवसांचा उपक्रम असतो ना, किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून जे दिसेल ते मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंदवायचं, त्यासाठी आज सकाळी आम्ही दोघी खिडकीत बसलो होतो. सासूबाई मोजतायत, मी लिहितेय. कबुतरं चौदा, कावळे सहा, साळुंक्या चार, पोपट तीन, असं चाललेलं. तेवढ्यात टुक. मग थांबून टुक टुक. गेल्या वर्षी याच आवाजाला मी पाइप ठोकणं म्हणत होते. गुलमोहराच्या शेंड्याला वठलेली फांदी आहे तिकडे बघितलं तर तिथे काहीच नाही, आवाज मात्र येतोय. सासूबाई म्हणाल्या, खाली बघ गं, फांदीच्या खालच्या अंगाला. तिथे एक गोल भोक, कंपासने काढल्यासारखं, आणि त्यातून लाल कपाळ बाहेर आलेलं. मग तो बाहेर येऊन फांदीवर बसला, गळा फुगवला, मान डावीकडे, टुक, मान उजवीकडे, टुक. मास्तर, तुम्ही लिहिलं होतं तस्संच, चोच मिटलेली. पंधरा मिनिटांची मोजणी पाऊण तास चालली.

आता एक मदत हवीये. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लागलंय की पावसाळ्याच्या आधी झाडांची छाटणी होणार आणि त्यात या गुलमोहराची "सुकलेली फांदी" आहे. मला वाटतं ते घरटंच आहे, तो आत-बाहेर करतोय आणि भुसा बाहेर टाकतोय.

---

कोपरखैरणेकर | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

घरटंच आहे. तांबट वठलेल्या मऊ लाकडातच कोरतो, आणि भोक फांदीच्या खालच्या बाजूला ठेवतो म्हणजे पाऊस आत येत नाही. हिरव्या फांदीत त्याला कोरता येत नाही, म्हणून शहरात त्याच्यासाठी अशी सुकलेली फांदी फार मोलाची. आत्ता कोरतोय म्हणजे अंडी, पिल्लं धरून एप्रिल-मेपर्यंत तरी ती हवी. कमिटीला लेखी द्या, फोटो जोडा, फांदी खाली कोणाच्या डोक्यावर येत नाही ना तेही बघून लिहा, कारण पहिला प्रश्न तोच येणार. खाली रस्ता किंवा गाड्या असतील तर तेवढी जागा दोर लावून रिकामी ठेवायची तयारी दाखवा. थेट "कापू नका" म्हणण्यापेक्षा "मेनंतर कापा" म्हटलेलं लोक ऐकतात.

---

लेन्सधारी | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

फोटो मी काढून देतो, लांबूनच, तुमच्या खिडकीतून, मोठ्या लेन्सने. त्याच्या जवळ जायची गरज नाही. उद्या सकाळी येऊ का?

---

गवाक्ष_ठाणे | १६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

या ना, साडेसातला या, सासूबाई पोहे करतायत. खाली फक्त बागेचा तुकडा आहे, गाड्या नाहीत, बघून आले आत्ताच. पत्र लिहायला घेतलंय, फोटो मिळाला की जोडते. मीटिंग पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे, काय होतं ते इथेच कळवते.